वीज वाचवा... पण नक्की कुठली?

गेल्या शनिवारी औरंगपुऱ्यात होतो, ताईकडे. (शहराचं नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झालंय. जुन्या आठवणी लिहिताना मध्येच औरंगाबाद येईल, सांभाळून घ्या.) दुपारी जेवून मस्त ताणून द्यायच्या विचारात होतो, तेवढ्यात भाची हातात कार्डशीट घेऊन हजर. आठवीत आहे. शाळेनं प्रकल्प दिलाय, 'घरगुती ऊर्जेचा वापर व बचत'. सोमवारी द्यायचा, म्हणून आठवण शनिवारी झालेली. हे आमच्या घराण्यात चालत आलेलंच आहे.

"मामा, तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, पटकन माहिती काढून दे. चित्र माझं झालंय."

चित्र छान होतं. एक पिवळा बल्ब, त्याला डोळे, डोळ्यांतून टपोरे अश्रू. वर मोठ्या अक्षरात 'वीज वाचवा, देश वाचवा'. मी गंमत म्हणून विचारलं, "आपल्या घरी महिन्याला किती युनिट लागतात गं?"

तिनं ताईकडे बघितलं. ताईनं भावजींकडे. भावजी म्हणाले, "बिल अडीच हजारांच्या आसपास येतं." म्हणजे रुपये माहीत, युनिट कुणालाच नाहीत. मी दोघांची खेचणार होतो, तेवढ्यात भाचीनं विचारलं, "मामा, तुझ्याकडे किती लागतात?"

आता आली का पंचाईत! माझं बिल दर महिन्याला खात्यातून आपोआप कापलं जातं. मी ते शेवटचं कधी उघडलं होतं तेही आठवेना. दिवसभर ऑफिसात बसून सर्व्हरच्या प्रतिसादाचे मिलिसेकंद मोजणारा हा गडी, स्वतःच्या घराचा साधा आकडा सांगू शकला नाही.

म्हटलं चला, झोप गेलीच आहे तर मीटर तरी बघू.

जुन्या औरंगपुऱ्यातल्या बऱ्याच घरांसारखं ताईचं मीटरही जिन्याखाली आहे. समोर सायकल, दोन रिकाम्या कुंड्या आणि मागच्या दिवाळीचा आकाशकंदील. ते सगळं बाजूला करून मोबाइलच्या उजेडात आकडा वाचला. डोनेला मेडोज नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी एक किस्सा लिहून ठेवलाय. १९७० च्या दशकात ॲमस्टरडॅमजवळच्या एका वसाहतीत सगळी घरं एकसारखीच होती. फरक एवढाच, की काही घरांत विजेचं मीटर तळघरात होतं, तर काहींत दर्शनी खोलीत, येताजाता दिसेल असं. दर्शनी मीटर असलेल्या घरांत वीज जवळपास एक तृतीयांशानं कमी जळत होती. ना दर वेगळा, ना घोषणा. आकडा डोळ्यांसमोर होता, एवढंच.

आम्ही मात्र मीटर कुंड्यांमागे ठेवलं आणि पोस्टर भिंतीवर लावलं.

हे वाक्य मनात आलं आणि एकदम आमचे विज्ञानाचे सर आठवले. आता थोडं मागे जातो.

२००५-०६ ची गोष्ट. मी नववीत. महाराष्ट्रात राहिलेल्या कुणालाही त्या वर्षांचं वर्णन एका शब्दात करायला सांगा, 'लोडशेडिंग' हेच उत्तर येईल. पेपरात 'भारनियमन' छापायचे, घरी मात्र कुणी तो शब्द वापरला नाही. त्यामागचं राजकारण आम्हाला तेव्हा कळत नव्हतं, पण एन्रॉन हे नाव पाठ होतं. दाभोळच्या प्रकल्पाचा पहिला टप्पा, ७४० मेगावॉटचा, १९९९ मध्ये सुरू झाला. त्या विजेच्या दरावरून भांडण पेटलं, २००१ च्या मे महिन्यात प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी डिसेंबरात खुद्द एन्रॉनचं दिवाळं वाजलं. मधल्या काळात राज्याची मागणी वाढत गेली, नवी वीज त्या प्रमाणात आली नाही. जून २००५ मध्ये १९६० सालचं जुनं वीज मंडळ मोडून महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या. आम्हाला दिसलेला फरक म्हणजे बिलावरचं नाव बदललं. अंधार तोच होता.

त्यातही जखमेवर मीठ म्हणजे पुणे. २००६ मध्ये तिथल्या उद्योगांनी टंचाईच्या वेळी स्वतःचे जनरेटर चालवायचे, त्यातून वाचलेली वीज शहराला द्यायची आणि जादा खर्च ग्राहकांनी बिलातून सोसायचा अशी योजना झाली. पुण्याचं लोडशेडिंग संपलं! उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेली मावसभावंडं आमच्याकडे लाइट गेले की "अय्या, तुमच्याकडे अजून जातात?" असं विचारायची. बाकी राज्यात गणित असं, की ज्या भागात गळती आणि थकबाकी जास्त त्या भागात अंधार जास्त. म्हणजे तुम्ही बिल वेळेवर भरत असाल, पण वाहिनीवरचे बाकीचे भरत नसतील, तर तुम्हीही अंधारात.

शाळेत त्याच सुमारास ऊर्जा बचतीची लाट आली होती. तिला कारण होतं. केंद्राचा ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, त्याखालचं ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे बीईई, २००२ पासून कामाला लागलं. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. आणि २००५ पासून शाळकरी मुलांसाठी देशपातळीवर चित्रकला स्पर्धा सुरू झाल्या. आमच्याकडे चित्रांच्या जोडीला घोषवाक्यं, प्रभातफेरी, निबंध. 'वीज बचत काळाची गरज' हा निबंध आमच्या पिढीतल्या ज्यानं लिहिला नाही, त्यानं हात वर करावा. मला तर घोषवाक्याला दुसरं बक्षीस मिळालं होतं, कंपासपेटी.

आमच्या सरांना हा प्रकार फारसा आवडत नसावा. प्रभातफेरीनंतर एक दिवस वर्गात आले आणि म्हणाले, "उद्यापासून सात दिवस रोज संध्याकाळी सातला घरचं मीटर वाचायचं. आकडा वहीत लिहायचा. आजच्यातून कालचा वजा." तेव्हा पुष्कळ घरांत जुनी चकतीची मीटरं होती, काचेमागे ॲल्युमिनियमची चकती फिरायची आणि तिच्यावर लाल खूण. इस्त्री लावली की चकती सुसाट, सगळं बंद केलं की जवळजवळ थांबलेली. आम्ही पोरं तासन् तास त्या लाल खुणेकडे बघत बसायचो. बचत वगैरे डोक्यात नव्हतं, मजा यायची.

आठव्या दिवशी सरांनी फळ्यावर तक्ता आखला. प्रत्येकानं आपला महिन्याचा अंदाज सांगायचा. कुणाचे १४०, कुणाचे ९०, आमचे १९०. गुलमंडीवर मोठं दुकान असलेल्या एका मुलाचे ३१०. मागच्या बाकावरच्या एकानं सांगितलं, "शून्य."

वर्ग हसला. हसणाऱ्यांत मीही होतो.

त्याच्या घरी मीटरच नव्हतं. एका वाड्यात मागची एक खोली भाड्यानं होती, घरमालकाच्या मीटरवरून एक वायर आलेली, एक बल्ब आणि एक पंखा, महिन्याला ठरलेले पैसे. मोजायला काही नव्हतं म्हणून त्यानं प्रामाणिकपणे शून्य सांगितलं होतं. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खडू घेतला आणि त्याच्याकडूनच आकडे विचारत फळ्यावर मांडत गेले. बल्ब ६० वॉटचा, रोज ५ तास, म्हणजे ०.३ युनिट. पंखा ७५ वॉटचा, ८ तास, म्हणजे ०.६. दिवसाला ०.९, महिन्याला २७. शून्य पुसून २७ लिहिलं. मग फळ्याकडे पाठ करून आम्हाला विचारलं, "आता सांगा, 'वीज वाचवा' ही घोषणा या तक्त्यातल्या कुणासाठी आहे?"

कुणीच बोललं नाही. आदल्याच आठवड्यात आम्ही सगळ्यांनी एकच घोषणा एका सुरात दिली होती, २७ वाल्यानं आणि ३१० वाल्यानंही. प्रभातफेरी तर त्याच्या वाड्यावरूनच गेली होती.

सरांनी पुढे काही उपदेश केला नाही. तास संपला. पण माझ्या लेखी ऊर्जा शिक्षण म्हणतात ते तेवढंच झालं, त्या एका तासात. बाकी कंपासपेटी.

असो. परत जिन्याखाली येऊ.

आता चकती नाही, इलेक्ट्रॉनिक मीटर आहे. त्यावर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो, आणि शेजारी छापलेलं असतं की किती लुकलुकींना एक युनिट. ताईच्या मीटरवर ३२०० आहे. हे दिसल्यावर भाचीला म्हटलं, चल, प्रयोग करू. आजीला सांगून पाच मिनिटं फ्रिजसकट घरातलं सगळं बंद केलं. (आजीचा पहिला प्रश्न, "लोडशेडिंग सुरू झालं का परत?") मग फक्त तिच्या खोलीतला ९ वॉटचा एलईडी बल्ब लावला आणि ती मीटरसमोर घड्याळ धरून बसली. दोन मिनिटांनी दिवा एकदा लुकलुकला. मग बल्ब बंद करून गिझर लावला. सेकंदाला जवळजवळ दोनदा! ती ओरडलीच, "मामा, हे तर वेड्यासारखं करतंय!"

हिशेब सोपा आहे. गिझर २००० वॉट, बल्ब ९ वॉट. दोनशे पट फरक. पण पुस्तकात दोनशे पट वाचणं वेगळं आणि लाल दिव्याचं हे वेड बघणं वेगळं.

संध्याकाळी दोघांनी घरभर फिरून यादी केली. ऑगस्टमधला एक साधा दिवस धरला, कूलर बंद, पंखे चालू. रोजचा हिशेब असा निघाला:

पंखे ४, प्रत्येकी ७५ वॉट, १२ तास: ३.६ युनिट.
फ्रिज (बराच जुना): १.२.
गिझर अर्धा तास: १.०.
टीव्ही, त्याचा सेट टॉप बॉक्स आणि वायफायचा डबा मिळून: ०.८.
इस्त्री, मिक्सर, वॉशिंग मशीन: ०.४.
दिवे ६, प्रत्येकी ९ वॉट, ५ तास: ०.२७.
पाण्याची मोटर: ०.२.

एकूण साधारण साडेसात युनिट, महिन्याला २२४. मग ताईनं बिल शोधून काढलं. २३६! प्रकल्प करणाऱ्या बाईसाहेब एवढ्या खूश, की विचारू नका. अंदाज आणि खरं बिल इतकं जवळ येतं याचं मलाही आश्चर्य वाटलं.

आता त्या यादीत दिवे बघा. साडेसातपैकी ०.२७. शंभरातले चारसुद्धा नाहीत. आणि चित्रात रडत कोण होतं? बल्ब! खरं तर रडायला हवं होतं पंख्यानं, निम्मी वीज तोच खातोय. टीव्हीखालचा तो डबा आणि वायफाय मिळून २० वॉट, पण चोवीस तास चालू, म्हणजे ०.४८. घरातल्या सगळ्या दिव्यांपेक्षा जास्त.

मग ही घोषणा चुकीची का? अजिबात नाही. इथेच इतिहासाची गंमत आहे. याच घरात पूर्वी ६० वॉटचे पिवळे बल्ब होते. सहा बल्ब, पाच तास, म्हणजे रोज १.८ युनिट. तेव्हा घरात फ्रिज नाही, गिझर नाही, पंखे दोन. त्या घरात 'खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा' हा अगदी पहिल्या क्रमांकाचा सल्ला होता. पुढे ट्यूबलाइट आली, मग सीएफएल, मग एलईडी. २०१५ च्या जानेवारीत 'उजाला' योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब २०१६ पर्यंत चाळिशीच्या आत आला. दिव्याची भूक जवळपास सातव्या हिश्श्यावर आली. दिवा बदलला, घोषणा मात्र तीच राहिली. आमच्या धंद्यात याला चांगलं उदाहरण आहे: प्रोग्राम दहा वेळा बदलतो, पण वर कुणीतरी लिहून ठेवलेली टीप पहिल्या दिवसाचीच असते. नवीन माणूस ती वाचतो आणि तिच्यावर विश्वास ठेवतो.

म्हणूनच आमच्याकडे नियम आहे, आधी मोजा, मग सुधारा. न मोजता सुधारायला गेलेला माणूस नेहमी चुकीच्या जागी घाम गाळतो. शाळांमध्ये आपण नेमका दुसरा अर्धा भागच शिकवतो.

एक बाजू मात्र कबूल करायला हवी. गेल्या वीस वर्षांत घरांमध्ये जी काही बचत झाली, तिचं श्रेय आमच्या घोषवाक्यांना फारसं जात नाही. ते त्या बीईईच्या चिकटपट्टीला जातं, ताऱ्यांच्या लेबलला. ते २००६ मध्ये आलं, आधी ऐच्छिक. २०१० पासून एसी, फ्रॉस्ट फ्री फ्रिज आणि ट्यूबलाइट यांना सक्तीचं झालं. आणि पंख्यांना? २०२३ पासून! घराची निम्मी वीज खाणारी वस्तू सक्तीच्या यादीत इतक्या उशिरा आली. बीएलडीसी पंखा साधारण ३० वॉटमध्ये तेवढीच हवा देतो. ताईकडचे चारही बदलले तर ऑगस्टसारख्या महिन्यात ६५ युनिट कमी होतील. पण एक पंखा अडीच-तीन हजारांचा. भावजींनी सध्या हॉलचा एक बदलायचं मान्य केलंय, 'बघू' या अटीवर.

आजी एवढा वेळ ऐकत होती. म्हणाली, "आम्ही डाळ भिजत घालायचो, कुकर उतरवल्यावर त्याच आचेवर पाणी ठेवायचो. त्याला कुणी प्रकल्प म्हटलं नाही." खरंय. १९७३ च्या तेलसंकटानंतर सरकारनं इंधन बचतीची मोहीम काढली, १९७८ पासून पीसीआरए ही संस्था तेच काम करतेय. डाळ भिजवा, भांड्यावर झाकण ठेवा, लहान बर्नर वापरा. रॉकेलच्या रांगेत उभं राहिलेल्या बायकांना हे सांगावं लागत नव्हतं. रॉकेलच्या बाटलीत पातळी डोळ्यांना दिसते, सिलिंडर हलवून बघता येतो. विजेचं मात्र काहीच दिसत नाही, म्हणून मीटर हवं.

रविवारी सकाळी भाची म्हणाली, प्रकल्पात 'ऐतिहासिक माहिती' असा एक मुद्दा आहे, तिथे काय लिहू? म्हटलं, चल, रिक्षा कर. औरंगपुऱ्यातून पाणचक्की किती लांब आहे!

पाणचक्की आम्ही सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलीय. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचं आवार, १७४४ च्या सुमाराची चक्की. सहलीत सांगतात ते 'ऐतिहासिक वास्तू' म्हणून आणि आपण फोटो काढून भेळ खायला जातो. पण ही शहरातली सगळ्यात जुनी ऊर्जेची प्रयोगशाळा आहे हो! उत्तरेकडच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणलं, उंच भिंतीवर चढवलं आणि तिथून खाली पात्यांवर सोडलं. चक्की फिरली, दर्ग्यात येणाऱ्यांसाठी दळण झालं. काम झालेलं पाणी मोठ्या हौदात. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत, म्हणून भर उन्हाळ्यात ते दालन गार. एकाच पाण्याकडून तीन कामं: दळण, साठा, गारवा. त्याच्याही शतकभर आधी मलिक अंबरनं वसवलेल्या खडकीला नहरींनी पाणी आणलं होतं, तेही उतारानं, कुठलाही पंप नसताना.

हौदाच्या काठावर बसून आम्ही हिशेब केला. समजा पाणी ६ मीटर उंचीवरून पडतंय. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. एक लिटर पाणी ६ मीटर पडलं की मिळतात साधारण ५९ ज्यूल. म्हणजे एका युनिटसाठी सुमारे ६१ हजार लिटर पाणी पडायला हवं, तेही काहीच वाया जात नाही असं धरून. टँकरच्या भाषेत १० हजारांचे सहा टँकर. आणि आपला गिझर ते अर्ध्या तासात उडवतो. भाची बराच वेळ हौदाकडे बघत होती.

मग उलटा हिशेब. आज शहराचं पाणी येतं जायकवाडीहून. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची पूर्ण पातळी १५२२ फूट, म्हणजे समुद्रसपाटीपासून ४६४ मीटर. शहर आहे ५६८ मीटरच्या आसपास. म्हणजे मलिक अंबरच्या काळी पाणी उतरत यायचं, आपल्याकडे ते शंभरेक मीटर चढत येतं. हजार लिटर पाणी १०० मीटर चढवायला कमीत कमी ०.२७ युनिट. पाइपातलं घर्षण आणि पंपाची तूट धरली तर जास्तच. आता मगाचा तक्ता आठवा. ताईच्या घरातले सगळे दिवे दिवसभरात घेतात तेवढंच, ०.२७! गच्चीवरची हजार लिटरची टाकी म्हणजे घरातल्या दिव्यांचा एक अख्खा दिवस. गेली कित्येक वर्षं पाणी रोज न येणाऱ्या या शहरात, आलं की टाकी ओसंडून वाहते तेव्हा आपण 'पाणी वाया' म्हणतो. वीज वाया कुणी म्हणत नाही.

मराठवाड्यात तरी या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. २०१३ च्या फेब्रुवारीत दुष्काळात परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं. कोळसा नव्हता म्हणून नाही, पाणी नव्हतं म्हणून. पाणचक्कीचा झरा आटला की चक्की थांबणार, तसंच हे.

परत येताना रिक्षात तिनं विचारलं, "मग पूर्वी लोडशेडिंगमध्ये वीज वाचायची का?" चांगला प्रश्न आहे. माझं उत्तर, फारशी नाही, ढकलली जायची. लाइट आले की मोटर, इस्त्री, मिक्सर सगळं एकदम. वर इन्व्हर्टर. बॅटरीत भरलेल्या विजेतली बरीच वाटेतच जाते, म्हणजे टंचाईत आम्ही उलट जास्त वीज ओढत होतो. पण लोडशेडिंगनं एक गोष्ट नकळत शिकवली होती, की वीज 'किती' वापरता एवढंच महत्त्वाचं नाही, 'केव्हा' तेही आहे. संध्याकाळी सगळं राज्य एकदम बटणं दाबतं, टंचाई तेव्हाची असते. जपानमध्ये २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर तोक्यो भागाला उन्हाळ्यात ऐन मागणीच्या वेळची वीज १५ टक्क्यांनी कमी करायची होती. त्यांनी हवामानासारखा 'विजेचा अंदाज' टीव्हीवर दाखवायला सुरुवात केली. लोकांना आकडा रोज दिसत होता, आणि तो उन्हाळा निभावला. आमच्याकडे दिसायचं ते वेळापत्रक, लाइट कधी जाणार याचं.

आता तो 'केव्हा' बिलावर येतोय. २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना महावितरण दिवसा, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळातल्या वापरावर सवलत देतंय, कारण सौर वीज तेव्हा मुबलक असते. दुपारी इस्त्री केली तर स्वस्त. हे कुठल्याही घोषवाक्यात बसत नाही, पण मुलांना पाच मिनिटांत समजतं. फक्त दुपारी घरी कोण असतं, हा प्रश्न आहेच.

रविवारी रात्री प्रकल्प पूर्ण झाला. तक्ता, लुकलुकींचा प्रयोग, पाणचक्कीचा हिशेब. एका मुद्द्यावर मात्र घरात वाद झाला. ताई म्हणाली, "आपलं बिल वर्गात कशाला दाखवायचं? लोक काय म्हणतील?" मी तिला सरांच्या तक्त्याची गोष्ट सांगितली, मागच्या बाकासकट. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं भाचीला म्हणाली, "लाव बिल. पण तुझ्या वर्गात कुणाकडे मीटर नसेल तर आधी त्याला हिशेब कसा करायचा ते दाखव. मग आकडे विचार."

हे मला सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर सरांनाही त्या दिवशी आधी सुचलं नव्हतं. हसं झाल्यावर सुचलं.

चित्र तेच राहिलं. एवढं रंगवलेलं कोण टाकून देणार? फक्त बल्बच्या शेजारी तिनं एक पंखा काढला, रडत नसलेला, चांगला गलेलठ्ठ.

मी रात्रीच्या गाडीनं पुण्याला परतलो आणि सोमवारी रात्री नऊला पार्किंगमध्ये जाऊन, वॉचमनच्या संशयी नजरेखाली, आमच्या फ्लॅटचं मीटर शोधलं. मंगळवारी रात्री नऊला परत वाचलं. ११.४ युनिट. आम्ही दोघंच राहतो, आणि दिवसाचे दहा तास घराला कुलूप असतं. ताईकडे पाच माणसं, साडेसात ते आठ. कुलूपबंद घरात नक्की काय चालू असतं ते या शनिवारी शोधणार आहे. तुम्हीही बघा एकदा. चोवीस तासांच्या अंतरानं दोनदा मीटर वाचायचं, एवढंच काम आहे.